खसराकाका

सकाळी पेपर आला की माणूस आपल्या स्वभावाचं पान आधी उघडतो. कुणी क्रिकेट, कुणी राशिभविष्य, साठीच्या पुढचे निधनवार्ता. खसराकाका 'जाहीर नोटीस' उघडतात. आतल्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, कुणा वकिलाच्या पक्षकारानं अमुक मौजातला तमुक प्लॉट घ्यायचं ठरवलेलं असतं आणि कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कागदपत्रांसह कळवावं, असं तमाम जनतेला विनवलेलं असतं. तमाम जनता त्या वेळी चहा पीत असते. काका एकटे लाल पेन घेऊन बसतात.

"हे पाय. मौजा दिला, खसरा दिला, प्लॉट नंबर दिला, अन् चतुःसीमाच नाही दिली. आता हरकत घेणाऱ्यानं हवेत हरकत घ्यावी काय?"

त्या प्लॉटशी त्यांचं काडीचं देणंघेणं नसतं. पण कुठल्या तरी घराच्या पूर्वेला काय आहे हे लिहायचं राहून गेलं, या कल्पनेनं त्यांचा चहा थंड होतो.

त्यांचं खरं नाव आधार कार्डावर आणि काकूंच्या उखाण्यात आहे. बाकी अख्ख्या ले-आउटला ते खसराकाका; खसरा म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर. आयुष्यभर एका सरकारी खात्यात त्यांनी आवक-जावक सांभाळली. तिथं माणसं येत-जात नाहीत, कागद येतात-जातात. तेव्हापासून त्यांचा असा पक्का समज झाला की जगात आधी कागद निर्माण झाला आणि मग त्याच्या पूर्ततेसाठी बाकीची सृष्टी. लग्नाच्या लॉनवर गेले तरी पंगतीत बसल्या बसल्या शेजाऱ्याला सांगतात, "हे लॉन ग्रीन बेल्टमध्ये आहे बरं. भाजी मस्त आहे." कुणी नवं घर घेतलं म्हणून पेढे आणले तर पेढा हातात धरून ठेवतात, तोंडात टाकत नाहीत. "भोगवटा प्रमाणपत्र भेटलं काय?" भेटलं म्हटलं तर पेढा खातात. "अर्ज केला आहे" म्हटलं तर पेढा बशीत परत.

आणि स्वतःचं घर? लोकांना वाटतं, एवढा कागदी किडा म्हणजे हा जन्मभर भाड्यानं राहिला असणार. तसं नाही. काकांनी 1993 साली घर घेतलं आणि त्याच्या टायटलएवढं स्वच्छ टायटल नागपुरात दुसरं नाही. 1958, 1971, 1993, अशी तीन विक्रीपत्रं. तिन्ही नोंदणीकृत. तिन्हींत विकणारा एकटा, सज्ञान आणि भावाबहिणींशिवायचा. कुठं मुखत्यारपत्र नाही, कुठं गहाण नाही, कुठं अज्ञान पालनकर्ता नाही. अशी फाइल लाखात एक. घर मात्र दोन खोल्यांचं, आगगाडीच्या डब्यासारखं, आणि तोंड थेट पश्चिमेला. नागपूरचा मे महिना ज्यानं पंचेचाळीस अंशांवर अंगावर घेतला आहे त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत समोरची भिंत तव्यासारखी तापते. कूलर एकच, आणि तो फाइलीच्या कपाटाच्या खोलीत. कारण उकाड्यानं जुन्या स्टँपपेपरचे तुकडे पडतात.

"मी या घरात सूची क्रमांक दोन," काकू म्हणतात. हा विनोद कळायला इंडेक्स टू पाहिलेला असावा लागतो. नोंदणी झालेल्या प्रत्येक दस्ताचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक दोन. काकांच्या संगतीत काकूही बऱ्याच पुढं गेल्या आहेत.

आम्ही घर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी काकांना सल्ला विचारला. म्हणजे मी विचारला नाही. मी फक्त कोपऱ्यावर एका मित्राला म्हणालो की बेसा-बेलतरोडीकडे प्लॉट पाहून राहिलो. संध्याकाळी काका दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत भिंग, मोजपट्टी, चार घड्या केलेला विकास आराखडा आणि दोनशे पानी वही.

"बयाणा देल्ला काय?"

"नाही काका."

"मंग देव आहे," म्हणाले आणि पाणी मागितलं.

पहिला मोर्चा उमरेड रोडला. सीताबर्डीहून फुकट गाडी, वाटेत समोसा, पोचल्यावर तंबू, खुर्च्या आणि थंड सरबत. शेतात चुन्याच्या रेघा. कमानीवर लिहिलेलं: एन.ए., टी.पी., आर.एल. सगळं काही. त्याखाली बारीक अक्षरांत 'प्रस्तावित'. तंबूतल्या पोरानं रंगीत नकाशा उलगडला. बाग, मंदिर, बारा मीटरचा रस्ता. बायकोला कोपऱ्यावरचा प्लॉट आवडला. काकांनी नकाशा घेतला, भिंग लावलं आणि चालू लागले. बारा मीटरच्या रस्त्यानं ते चालत चालत थेट दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात गेले. तिथल्या राखणदारानं हटकलं. काका तिथूनच ओरडले, "बाबू, रस्ता कागदावर आहे, जमिनीवर झाडं आहेत!"

परतताना गाडीत त्यांनी मला नागपूरचा इतिहास सांगितला. भोसल्यांचा नव्हे. काकांच्या नागपूरच्या इतिहासात दोनच सनावळ्या आहेत: 572 आणि 1900. हे सन नाहीत, ले-आउटचे आकडे आहेत. शहर वाढत गेलं तशा गृहनिर्माण सोसायट्यांनी, दलालांनी, खुद्द शेतकऱ्यांनी शहराभोवतीची शेतं घेतली, चुना मारला आणि प्लॉट पाडून विकले. जमीन अकृषक केलेली नाही, नकाशा मंजूर नाही, गटार नाही. लोकांनी घरं बांधली, पोरांची लग्नं केली. मग ही वस्ती कायद्यात बसवायची कशी, हा प्रश्न. 1936 च्या कायद्यानं जन्मलेल्या नागपूर सुधार प्रन्यासकडे, म्हणजे आमच्या 'एन.आय.टी.'कडे, ते नियमित करायचं काम आलं. आधी 572 ले-आउटांची यादी, मग 1900 ची. 2001 चा गुंठेवारी कायदा झाला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 2020 अखेरपर्यंतचे प्लॉट त्यात घेतले. अर्ज करा, डिमांड नोट येईल, विकास शुल्क भरा, मग आर.एल. म्हणजे नियमितीकरणाचं पत्र मिळेल.

"आता लक्षात ठेव. 'आर.एल. आहे' हे एक. 'आर.एल. होते' हे दुसरं. 'आर.एल.ले टाकलं आहे' हे तिसरं. 'आर.एल.चं काय घेऊन बसले काका, इथं सगळे असेच राहतात' हे चवथं. पोरगं तुले चवथं सांगून राहिलं होतं अन् तू दुसरं ऐकून राहिला होता."

"पण सातबारा तर त्यांच्या नावावर आहे."

काकांनी गाडी थांबवायला लावली नाही एवढंच. "सातबारा मालकीचा कागद आहे काय? सारा कोणापासून वसूल कराचा, याच्यासाठी सरकारनं लिहून ठेवलेली यादी आहे थे. पटवाऱ्यानं फेरफार घेतला म्हणून कोणी मालक होत नाही. अन् त्या सातबाऱ्यावर काय लिहिलं होतं? भोगवटदार वर्ग दोन. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीबिगर विकताच येत नाही. तू पाहिलं?"

मी कमान पाहिली होती. बायकोनं कोपरा पाहिला होता. ती खाली वाकून म्हणाली, "समोसा चांगला होता पण."

मग आम्ही प्लॉटचा नाद सोडून फ्लॅटकडे वळलो. नव्या स्कीमा पाहिल्या. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण काकांमुळे कुठंच आम्ही पंधरा मिनिटांवर टिकलो नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरताना सगळे चपला काढून आत जातात. काका बाहेरच टेबलाशी थांबून महारेराचा नंबर मागतात, तो मोबाइलवर टाकतात आणि जे दिसेल ते मोठ्यानं वाचतात: मुदत किती वेळा वाढवली, किती फ्लॅट गेले, कोर्टात काय चालू आहे, जमीन कुणाकडे गहाण आहे. बाकीचे गिऱ्हाईकही ऐकायला गोळा होतात. 1 मे 2017 पासून हे सगळं फुकट उघडं आहे, स्कीमची जमीन पाचशे चौरस मीटरहून मोठी आणि घरं आठाहून जास्त असली की नोंदणी सक्तीची आहे, पण पाहतो कोण, असा त्यांचा सवाल. एका ठिकाणी पोरीनं सुपर बिल्ट-अप सांगितलं. काकांनी मोजपट्टी काढली. "मले कारपेट सांग. लिफ्टमध्ये मी राहाणार नाही." दुसऱ्या ठिकाणी बुकिंगचे वीस टक्के मागितले. "नोंदणीकृत करारनाम्याच्या आधी दहा टक्क्यांच्या वर घेताच येत नाही, कायदा आहे," काका म्हणाले आणि पाणी पिऊन निघाले. तिसऱ्या ठिकाणी मॅनेजरनं शेवटचं ब्रह्मास्त्र काढलं: "काका, चार बँकांनी प्रोजेक्ट अप्रूव्ह केला आहे!"

यावर काकांचं उत्तर तिथं झालं नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्याच्या प्लेटवर झालं, आणि मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा लांब झालं.

"बँकेचा वकील कोणाचा?" काकांनी विचारलं.

"बँकेचा."

"फी कोण देते?"

"आपण."

"अन् काम कोणाचं करते?"

पोह्यावर तर्री ओतायला सांगून ते पुढं म्हणाले, "बँक तीस वर्षांचा सर्च घेते, हे खरं. पण तिले काय पाहाचं असते? आपला पैसा निघते का, एवढंच. घराची किंमत शंभर, तर कर्ज सत्तर-ऐंशी. वर तुह्या पगारावर हात, तुह्या बायकोची सही, एखादा जामीनदार. घर वादात गेलं तं तू हप्ता बंद करशीन काय? नाही. हप्ता तुले घर दिसलं नाही तरी भराच लागते. बँकेनं कर्ज देल्लं म्हणजे तुह्यावर भरवसा केला, घरावर नाही."

मी माझ्या हप्त्याचं सांगितलं. तीस लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के. बँकेतल्या पोरानं लॅपटॉप फिरवून आकडा दाखवला होता: महिना 26,035. झेपण्यासारखा होता. मी खूश होतो.

काकांनी पोह्याची प्लेट बाजूला केली आणि वहीचं पान फाडलं. नागपुरी माणूस तर्री-पोहे अर्धवट ठेवतो तेव्हा समोरच्यानं सावध व्हावं.

"पहिल्या महिन्याचं व्याज किती? एकवीस हजार दोनशे पन्नास. मुद्दलात किती गेले? चार हजार सातशे पंच्याऐंशी. पाच वर्षांत तू भरशीन पंधरा लाख बासष्ट हजार. मुद्दल कमी होईन साडेतीन लाखांनी. वीस वर्षांत एकूण साडेबासष्ट लाख. आता सांग, हप्त्यात मुद्दल व्याजाच्या वर कवा जाते?"

"पाच-सहा वर्षांत?"

"बाराव्या वर्षाच्या शेवटी. तुह्या पोराची बारावी होईन तवा तुह्या हप्त्याची पहिली होईन."

माझा मुलगा तेव्हा पहिलीतच होता. हिशेब दोन्हीकडून बरोबर आला.

पुढचं काकांनी पोहे खाता खाताच सांगितलं, म्हणजे ते तितकं भयंकर नसावं. व्याज फिरतं असतं. 2019 च्या ऑक्टोबरपासून बँकांना नवी फिरत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधावी लागतात. दर वाढला की बँक सहसा हप्ता वाढवत नाही, वर्षं वाढवते, कारण गिऱ्हाईक हप्ता पाहतो, वर्षं मोजत नाही. बोनस आला की मुद्दलात टाकायचा; फिरत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नाही. स्टँप ड्यूटी आणि नोंदणी फी बँक सहसा घराच्या किमतीत धरत नाही, ती घरून काढावी लागते. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांवर जात नाही. "सरकारनं कुठंतरी हात आखडता घेतला, थे हे एक ठिकाण," काका म्हणाले आणि पैसे मी दिले.

आता मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला होता. बायकोला वाटत नव्हता. "यांना घर दाखवलं की हे फाइल मागतात. फाइलीत स्वयंपाक कोण करणार?" असं ती म्हणायची. महाल भागातला एक जुना वाडा पाहायला गेलो तेव्हा तिचं म्हणणं मला पटलं. वाडा सुंदर होता. सागवानी खांब, मागं विहीर, अंगणात पारिजातक. मालकीणबाई वृद्ध, प्रेमळ. चहा आणला, चिवडा आणला. काकांनी वही उघडून वर लिहिलं 'मूळ पुरुष' आणि विचारलं, "तुमच्या सासऱ्यांना एकूण अपत्यं किती?"

अर्ध्या तासात वहीत वडाचं झाड उभं राहिलं. पाच भाऊ, तीन बहिणी. एक बहीण रायपूरला, एक जबलपूरला, 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे जुन्या घरांच्या लेकी तिकडच्या बाजूला बऱ्याच गेलेल्या. तिसरी बहीण कुठं आहे हे विचारल्यावर बाई गप्प झाल्या. काका हळू आवाजात म्हणाले, "हक्कसोडपत्र झालं आहे काय? नोंदवलेलं?" बाईंनी पदर डोळ्यांना लावला. चाळीस वर्षांत त्या घरात कुणी त्या नणंदेचं नाव घेतलं नव्हतं. काकांनी घेतलं, कारण 2005 च्या दुरुस्तीनं लेकीलाही लेकाइतकाच वाटा आहे आणि तिची सही नसेल तर दस्त लंगडा. परत येताना काका खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चिवडा घरचा होता. खाल्ला नाही म्या. पाप लागलं असतं."

त्याच वाड्याच्या जमिनीवर आखीव पत्रिकेत 'नझूल' लिहिलेलं होतं, म्हणजे भिंती बाईंच्या, जमीन सरकारची, भाडेपट्ट्यावर, आणि पट्ट्याची मुदत केव्हाच संपलेली, हे त्यांनी बाईंना सांगितलंच नाही. मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. खसराकाकांनी एखादा दोष गिळला, असं मी पाहिलेलं ते एकमेव उदाहरण.

काकांच्या कागदनिष्ठेला तडा गेल्याचंही एक उदाहरण आहे. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट. रात्रभर आभाळ फाटलं, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठानं पाणी वस्त्यांत शिरलं. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. यातली किती तरी घरं काकांच्या वहीत 'निर्दोष' म्हणून नोंदवलेली होती. मंजूर ले-आउट, स्वच्छ टायटल, जुनी प्रतिष्ठित कुटुंबं. तरी तळमजल्यावर छातीएवढा चिखल. दोन दिवस काका घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहीत त्यांनी प्रत्येक घरापुढं एक नवा रकाना आखला: पाणी. "पाण्याले सर्च रिपोर्ट लागत नाही बाबू," ते म्हणाले. "जागा पाहाची तं भर पावसाळ्यात पाहाची. नाला बुजवून रस्ता केला असन तं माणूस विसरते, नाला विसरत नाही." त्यानंतर छत्री आणि गमबूट त्यांच्या पिशवीत गेले.

पण घराकडे पाहण्यातली त्यांची सुधारणा पाण्यापर्यंतच झाली, हे पुढं लक्षात आलं.

शेवटी फ्लॅट मिळाला. मनीषनगर, तिसरा मजला, दोन बेडरूम, पुनर्विक्रीचा, सेहेचाळीस लाख. मालक मुलाकडे पुण्याला चाललेले. बायकोला पूर्वेचा उजेड हवा होता. ती तिथं दोनदा एकटी सकाळी जाऊन आली. नळ सोडले, फ्लश ओढला, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली, शेजारणीला पाण्याच्या वेळा विचारल्या. काकांना मी रात्री आठला नेलं. ते दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसले, फाइल मांडीवर घेतली आणि साडेदहाला उठले. आतल्या खोल्या त्यांनी पाहिल्या नाहीत. गरज पडली नाही.

"सोन्यासारखी फाइल," ते जिन्यात म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. मूळ जमीनमालकाचं विक्रीपत्र आहे. मुखत्यारपत्रावरचा व्यवहार नाही. तसल्या कागदानं मालकी जात नाही असं 2011 सालीच सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं आहे. नकाशा मंजूर, भोगवटा आहे, अपार्टमेंट कायद्याखालचं घोषणापत्र आहे, जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला आहे. चतुःसीमा तिन्ही दस्तांत शब्दशः सारखी.

एकच कुसळ: विकणाऱ्याच्या नावावर सात लाखांचं कर्ज बाकी. मूळ कागद त्यांच्या बँकेत. काकांनी सगळी मोहीम आखली. त्यांच्या बँकेकडून बाकीचा आकडा लेखी घ्या. तुमच्या बँकेनं तेवढा चेक थेट त्यांच्या बँकेच्या नावानं काढावा, मालकाच्या हातात नाही. सेरसाईच्या, म्हणजे गहाणांच्या, नोंदवहीत पाहून घ्या, एकच घर चार ठिकाणी गहाण ठेवणारे कलावंत असतात, त्यांच्यासाठीच ती नोंदवही 2011 पासून आहे. मूळ कागद त्या बँकेतून तुमच्या बँकेत जातील. "एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात. मधात आपल्याले भेटसुद्धा नाही," काका हळहळले. आणि कागद जमा होतील त्या दिवशी बँकेच्या शिक्क्यानिशी यादी घ्यायची, पानांच्या संख्येसकट. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत दिले नाहीत तर दिवसाला पाच हजार भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. पण काय दिलं होतं हेच लिहिलेलं नसेल तर मागणार काय?

रजिस्ट्रीच्या दिवशी ते आमच्याआधी कचेरीत हजर. फोटो काढताना, अंगठा लावताना माझ्या मागं उभे. "रजिस्ट्रार कागद नोंदवते, मालकी नाही," ते कानात पुटपुटले. "विकणाऱ्याचा बाप मालक होता का, हे पाहाचं काम त्याचं नाही. थे म्या केलं आहे. कर सही."

मी केली. सोळा लाख आमचे, त्यात बायकोच्या बांगड्या. तीस लाख बँकेचे.

गृहप्रवेश रविवारी सकाळी ठेवला. काका-काकू साडेसातला आले. काकांनी नवा सदरा घातला होता आणि हातात आमच्या कागदांच्या झेरॉक्सची फाइल, जिला त्यांनी स्वखर्चानं प्लॅस्टिकचं वेष्टण घातलं होतं. हाच त्यांचा आहेर. घर भरलं होतं, दिवाणखान्यात होम चालला होता, म्हणून बायकोनं त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची दिली. काकांनी फाइल उघडली. फाइलीवर ऊन आलं. त्यांनी खुर्ची सरकवली. ऊन पुन्हा आलं.

"सूनबाई, हे ऊन कुठून येऊन राहिलं?"

"पूर्वेकडून, काका. म्हणून तर घेतला हा फ्लॅट."

काका हसले. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "नाही. इकडे पश्चिम आहे." आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. पश्चिमेस: सहा मीटर रस्ता. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. सहा मीटर रस्ता होता. त्यांनी वर पाहिलं. सूर्य होता. आधीचं विक्रीपत्र काढलं: पश्चिमेस रस्ता. बिल्डरचं पहिलं विक्रीपत्र: पश्चिमेस रस्ता. घोषणापत्र: पश्चिमेस रस्ता. चार कागद एका बाजूला, सूर्य एकटा दुसऱ्या बाजूला. काका बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत राहिले, आणि त्यांचं मत कुठं झुकतंय ते मला दिसत होतं.

गुरुजींनी समिधा खाली ठेवून मोबाइलवरचं होकायंत्र दाखवलं. काकांनी ते हलवून पाहिलं.

कुणा टंकलेखकानं पहिल्याच दस्तात पूर्व-पश्चिम उलटी केली होती आणि पुढं प्रत्येकानं ती इमानानं उतरवून घेतली होती. आम्ही, बँकेचा वकील, दोन्ही बँका, काका. कायद्यानं आम्ही सेहेचाळीस लाखांना शेजारच्या बाजूचं काहीतरी घेतलं होतं.

"चूकदुरुस्ती लेख करावा लागन," काका म्हणाले. डोळ्यांत हळूहळू चमक येऊ लागली होती. "क्षेत्रफळ अन् चतुःसीमा यांचं भांडण झालं तं कोर्ट चतुःसीमेचं ऐकते. सोडून चालत नाही. पुण्याहून त्यांले बोलवा. त्याच्या आधीच्याले शोधा. बिल्डर तं बेसालेच राहाते. घोषणापत्रही दुरुस्त करा लागते, म्हणजे सगळ्या फ्लॅटवाल्यांच्या सह्या..." त्यांनी पिशवीतून वही काढली.

"यांनी घर कधी पाहिलं होतं?" काकूंनी बायकोला विचारलं.

"रात्री आठला. सोफ्यावरून."

काकू काही क्षण गप्प राहिल्या. मग पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "आमचंही डिसेंबरात संध्याकाळी सातला पाहिलं होतं, बाई. कागदावर पूर्वमुखी आहे आमचं घर."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका वहीतून मान वर न करता म्हणाले,

"कागद बरोबर आहेत आपले. बांधणाऱ्यानं उलटं बांधलं."